पातळी

डेट्रॉइटच्या उत्तरेला, टायरच्या गोदामामागे
एक बिनखिडक्यांची इमारत.
दर मंगळवारी सकाळी सातला
वेंडेल कायपर शिडी चढतो, झाकण सरकवतो
आणि लाकडी पट्टी आत सोडतो.
वर आलेल्या पट्टीवर जिथवर हिम धरतं
तिथवर नायट्रोजन.
तो आकडा वहीत लिहितो, पेन्सिलने,
वडील पेन्सिलने लिहायचे म्हणून.

उणे एकशे शहाण्णव.
लोणच्यावर तेल राहिलं पाहिजे, एवढंच शास्त्र.
तेल खाली गेलं की फोडी उघड्या पडतात.

या बरण्यांत माणसं आहेत,
डोकं तळाशी, पाय वर.
गळती लागलीच तर आधी पाय जावेत,
नाव ज्यात असतं ते शेवटी.

वहीचं पहिलं पान चौऱ्याहत्तरचं.
वेंडेलचे वडील कॉर्नेलियस, प्रेतं सजवणारे,
वेल्डरकडून पहिली टाकी घेऊन आले.
ग्लिसरीन हाताने पंप केलं.
कोरड्या बर्फाच्या लाद्या ओढताना
बोटांची कातडी लादीलाच राहिली.
तेव्हा कुणाला नीट ठाऊक नव्हतं
की पेशीतलं पाणी गोठताना सुया होतं,
आणि आतून शिवण उसवत जातं.
आता सुया होऊ देत नाहीत.
आता पाण्याची काच करतात, सावकाश,
काचेला तडा जाऊ नये म्हणून श्वास रोखून.
एवढी प्रगती झाली.
उठून मात्र अजून कुणी बसलेलं नाही.

नातेवाइकांचे चेक यायचे.
मग उशिरा यायचे.
मग नुसती नाताळची कार्डं.
मग पत्ता बदलल्याचा शिक्का मारून
आपलीच पत्रं परत.

एकोणऐंशीच्या जुलैत अकरा दिवस
वहीत एकही आकडा नाही.
बाराव्या दिवशी: "चार नंबर. पूर्ण भरला."
पेन्सिल इतकी दाबलेली
की मागच्या तीन पानांवर ती ओळ हाताला लागते.
वडील जाताना एवढंच बोलले, "वास, वेंडेल."
स्वतःसाठी त्यांनी साधी माती मागितली.

चार नंबरमध्ये ऑर्टन्स पेल्की.
तिची मुलगी आर्डिस दर ऑक्टोबरात सॅगिनॉहून येते,
एक्क्याऐंशीची, गाडी स्वतः चालवत.
टाकीच्या पत्र्यावर तळहात टेकवते.
बाहेरून पत्रा साधाच असतो, खोलीइतका कोमट.
यंदा तिने कात्रण आणलं होतं:
उंदराचं मूत्रपिंड गोठवलं, उबवलं,
दुसऱ्या उंदरात शिवलं, आणि ते चाललं.
"मूत्रपिंड," ती म्हणाली, "सुरुवात म्हणून काही वाईट नाही."

वेंडेलला राहवलं नाही.
वही उघडून त्याने ते पान पुढे केलं.
तिने चष्मासुद्धा काढला नाही पर्समधून.

"मी आले होते त्या जुलैत.
शटर बंद होतं.
वास शटरखालून येत होता.
तुझे वडील पायरीवर बसले होते,
हातात पाना, आणि तोंड असं,
जसं भर बाजारात लहान मुलाचं असतं
बोट सुटल्यावर.
मी गाडीतून उतरलेच नाही."

"मग चेक?
दर महिन्याला, एवढी वर्षं?"

बराच वेळ कॉम्प्रेसर तेवढा बोलत राहिला.

"थांबवला असता
तर तारीख पडली असती तिच्यावर.
आणि तुझ्या वडिलांनी बाराव्या दिवशी
ती परत भरली ना?
कोणासाठी भरली?
सांगता येईल तुला?"

त्याला नाही सांगता आलं.
मंगळवार होता. दहा वाजून गेले होते,
चार नंबर अजून मोजायचा होता.
शिडीचा एक पाय जरा आखूड आहे, डुगडुगते.
तो चढला. पट्टी सोडली. दोन इंच कमी.
नळी खाली टाकली, आणि धूर
टाकीच्या कडेवरून ओघळत
दोघांच्या बुटांपर्यंत आला.

आर्डिसने पर्स खाली ठेवली
आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.